घाटाचा घाट

मराठीत 'घाट' हा एकच शब्द डोंगरातल्या रस्त्यालाही आहे आणि बेत आखण्यालाही. आपण घाट चढतो, घाट उतरतो, आणि कुठे जायचं मनात आलं की सहलीचा घाट घालतो. हे दोन्ही अर्थ व्युत्पत्तीने एकाच घरातले आहेत का, याचा निवाडा भाषेच्या जाणकारांनी करावा. सह्याद्रीत मात्र पहिला घाट दुसऱ्याशिवाय नीट पार झाल्याची उदाहरणं फार नाहीत. बेत न आखता घाटात शिरलेल्यांची नावं इतिहासात आहेत, पण ती बहुतेक हरलेल्यांच्या रकान्यात.

तुमच्या फोनमध्ये आत्ता असा एखादा ग्रुप असेलच. आठ-दहा जण, चार प्रकारच्या गाड्या, 'सकाळी सहाला शार्प' या मेसेजवर आठ अंगठे, आणि प्रत्यक्षात सव्वासातला निघालेली वरात. आमचाही आहे. या डिसेंबरसाठी आमचा बेत असा: पुण्याहून जुन्नर, तिथून नाणेघाटाचा माथा, मागे येऊन माळशेज उतरायचा, मुरबाड-कर्जत करत खोपोली, आणि संध्याकाळच्या आत जुन्या रस्त्याने बोरघाट चढून घरी. साडेतीनशे किलोमीटरच्या वर. एक घाट माथ्यावरून बघायचा, एक उतरायचा, एक चढायचा. हा नकाशा करताना जाणवलं की आपण ज्याला 'राइड प्लॅन' म्हणतो त्याच्यात नवं जवळजवळ काहीच नाही. कुठे थांबायचं, पाणी कुठे, टोल कुणाला, पुढे कोण आणि मागे कोण, हे प्रश्न या डोंगराने प्रत्येक पिढीला विचारले आहेत.

नाणेघाटापासून सुरुवात करू, कारण तिथे या प्रश्नांची उत्तरं दगडात आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल हा घाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. कोणते यज्ञ केले, किती गाई, किती हत्ती, किती नाणी दान दिली, याची ती जंत्री आहे. त्यातले अंक भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांपैकी मानले जातात. थोडक्यात, या रस्त्यावर सुरुवातीपासून हिशेब आहे. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळेही तिथे कोरले होते. आज त्यांचे जेमतेम पायच उरलेत. थोडं वर दगडाचा एक भलामोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सगळे सांगतात. त्याहून मला जास्त बोलकी वाटतात ती कातळात खोदलेली पाण्याची टाकी. ज्याने ती खोदवली त्याला माहीत होतं की चढून आलेल्या माणसाला आणि जनावराला आधी काय लागतं.

घाटावरच्या जकातीचा हिशेब ठेवणारे पुढच्या काळात वतनदार झाले. तुमच्या वर्गात कुणी घाटपांडे असेल तर त्याच्या आडनावात हा सगळा टोलनाका आहे. आणि घाटमाथ्यावरून मुंबईत पोट भरायला उतरलेल्यांना शहराने 'घाटी' म्हणून हिणवलं, तेही याच वाटेचं देणं.

नाणेघाटात गाडी माथ्यापर्यंत जाते, खाली उतरत नाही. खाली जायला दगडी पायऱ्यांची नाळ आहे आणि तुमचे पाय. म्हणून तर आमचा रस्ता माळशेजकडे वळतो. यामागचं कारण समजून घेतलं की घाटातल्या प्रत्येक वळणाकडे बघायची नजर बदलते. सह्याद्री पूर्वेला सावकाश उतरत जातो आणि पश्चिमेला एकदम तुटतो. माणूस किंवा पाठीवर गोणी लादलेला बैल तो तुटलेला कडा एखाद्या ओढ्याच्या घळीतून नाकासमोर चढतो. धापा टाकतो, पण चढतो. चाक आलं की हे जमत नाही. भरलेली बैलगाडी ओढायची तर चढ बैलांच्या दमात बसला पाहिजे, आणि चढ कमी करायचा तर रस्ता लांबवला पाहिजे. कड्यावर रस्ता लांबवायला जागा एकाच पद्धतीने मिळते: इकडून तिकडे, तिकडून इकडे. तेव्हा ज्या वळणावर आपण गाडी झोपवून रील काढतो, त्या तऱ्हेचं वळण मुळात बैलजोडीचा दम मोजून आखलेलं आहे. त्यात वेगाचा विचार कधी नव्हताच.

आता बेत फसल्याची गोष्ट. माझ्या मते ती प्रत्येक ग्रुप राइडच्या आदल्या रात्री वाचायला हवी.

१६६१ सालचा जानेवारी-फेब्रुवारी. शायिस्ताखान पुण्यात तळ देऊन बसलेला. त्याने कारतलबखानाला कोकणात उतरायला सांगितलं. सरळ, वापरातला मार्ग बोरघाटाचा. पण खानाला गुपचूप, अनपेक्षित ठिकाणी उतरायचं होतं. म्हणून त्याने लोणावळ्याच्या दक्षिणेकडून कुरवंड्याची आडवाट धरली. आजच्या भाषेत, फोनने 'वीस मिनिटं वाचतील' म्हणून दाखवलेला रस्ता. वाट उतरत गेली, जंगल दाट होत गेलं, आणि चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत ती इतकी चिंचोळी झाली की हजारोंच्या फौजेची एक लांबच लांब रांग झाली. पुढच्याला मागचा दिसेना, मागच्याला पुढे काय चाललंय कळेना. दोन्ही बाजूंच्या उतारांवर शिवाजी महाराजांची माणसं आधीच दबा धरून होती. खानाच्या हेरांना त्याचा पत्ता नव्हता, किंवा असला तरी तो खानापर्यंत पोहोचला नव्हता.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पुढची वाट अडली, मागची अडली, पाणी नाही, वारा नाही. खानासोबत माहूरची रायबाघन होती, स्वतः लढवय्यी बाई. तिने खानाला सुनावल्याचं वर्णन 'शिवभारता'त आहे: सिंहाच्या रानात शिरलास, आता शरण जा. खान शरण गेला. खजिना, शस्त्रं, सामान तिथेच ठेवून जीव घेऊन परत फिरला.

या लढाईकडे आपण नेहमी गनिमी काव्याचा नमुना म्हणून बघतो, आणि तो आहेच. पण खानाच्या बाजूने बघितलं तर ही मोठ्या गटाने अनोळखी घाटात शिरण्याची गोष्ट आहे. वाट दुसऱ्याच्या सांगण्यावरून निवडली. रुंदी माहीत नव्हती. उतरायला लागल्यावर परत फिरता येईल का, हा प्रश्न उतरायच्या आधी कुणी विचारला नाही. आणि रांग ताणली गेली. त्याच्या साधारण सव्वा वर्ष आधी अफझलखानाचं सैन्यही महाबळेश्वरावरून ज्या वाटेने जावळीच्या खोऱ्यात उतरलं, तिचं नावच रडतोंडीचा घाट. स्थानिक माणसाने एवढा स्पष्ट रिव्ह्यू लिहून ठेवला असताना कुणी वाचला नाही, तर दोष डोंगराचा नाही.

दुसरी फसलेली स्वारी वेगळ्या कारणाने फसली. राघोबादादाला पेशवाईच्या गादीवर बसवायला इंग्रजांची फौज १७७८ च्या अखेरीस मुंबईहून निघाली. तिचं नेतृत्व एका माणसाकडे नव्हतं, समितीकडे होतं. तिघांची समिती! त्यातला एक आजारी पडून परत गेला आणि मेला. दुसऱ्याची तब्येत साथ देईना, त्याने सूत्रं तिसऱ्याच कुणाकडे दिली. आणि सामान? लढणारी माणसं चार हजारांच्या आत, आणि ओझ्याचे बैल एकोणीस हजारांवर. बोरघाट चढून खंडाळ्याला पोहोचल्यावरही ही वरात दिवसाला जेमतेम एखादा मैल सरकत होती. कॅप्टन स्टुअर्ट नावाचा एक धडाडीचा अधिकारी आघाडीवर होता. मराठ्यांनी त्याच्या धाडसावर खूश होऊन त्याला 'इष्टुर फाकडा' केलं. तो कार्ल्याजवळ मारला गेला. जानेवारी १७७९ मध्ये फौज तळेगावला पोहोचली तेव्हा गाव जाळलेलं, दाणागोटा गायब. मोठ्या तोफा तळ्यात ढकलून रात्रीच माघार घ्यावी लागली, आणि वडगावला महादजी शिंदे आणि नाना फडणवीसांपुढे तह. फाकड्याचं स्मारक वडगाव मावळात आहे. पुण्याच्या रायडरला ते नाश्त्याच्या अंतरावर पडतं, पण तिथे थांबलेली बाइक मी क्वचितच बघितली.

दोन्ही गोष्टींत फरक एवढाच, की कारतलबखान फार हुशारीने निघाला आणि कंपनीची फौज फार सामानाने. तिघा अ‍ॅडमिननी चालवलेल्या ग्रुपबद्दल मी जास्त बोलत नाही.

मग घाट नीट कोण पार करत होतं? ज्यांच्यावर कुणी बखर लिहिली नाही ते. लमाण, बंजारे. मीठ वर, धान्य खाली; मुघल असो की मराठा, फौजेचं पोट त्यांच्या बैलांच्या पाठीवर चालायचं. तांड्याला एक नायक. वाट, मुक्काम, पाणी, चारा हे तो ठरवणार, आणि चालताना त्यावर चर्चा नाही. पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा, कारण वळणापलीकडच्याला डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी कळतं. पल्ला रोजचा छोटा. बैल दमला की तांडा दमला. एखादं जनावर मागे सोडून वेळ गाठण्यात धंद्याचा तोटा असतो, हे त्यांना कुणी पीपीटी दाखवून शिकवलं नव्हतं.

याच लोकांना नव्या रस्त्यांनी संपवलं. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. त्याच काळातला तो पूल, जो पुढे बामच्या जाहिरातीमुळे 'अमृतांजन पूल' झाला आणि एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमधल्या रिकाम्या रस्त्यावर, स्फोटकांनी पाडला गेला. मग १८५६ ते १८६३ रेल्वे आली. सुमारे १८०० फुटांची चढण, २५ बोगदे, ३७ फुटांत एक फूट असा चढ. एका जागी तर गाडीला वळायलाच जागा नव्हती, म्हणून इंजिन पुढून काढून मागे लावायचं आणि उलट दिशेने निघायचं. ही कसरत १९२९ पर्यंत चालली. मूळ कंत्राटदाराने काम सोडल्यावर ते घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर काही आठवड्यांतच वारला आणि कंत्राट त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, पुढे नेलं. ऐन भरात चाळीस हजारांहून जास्त मजूर या एका घाटात होते. पटकीने, तापाने, सुरुंगांनी आणि पडझडीने त्यातले हजारो गेले. त्यांची नावं कुठेही कोरलेली नाहीत. लमाणांचा धंदा या रुळांनी आणि गाडीरस्त्यांनी मोडला. त्यानंतर वसाहतीच्या कायद्याने फिरत्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो भाग वेगळाच. महाराष्ट्राच्या यादीत बंजारा आजही 'विमुक्त जातीं'त आहेत, ते त्या शिक्क्याचं मागे राहिलेलं टोक.

जुन्या बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ लागतं. गोष्ट सांगतात ती अशी: साहेबाला घाटातून वाट सापडेना, ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली, कारण त्याच्या मेंढ्या रोज तिथून जायच्या. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्याने असं काही मागितलं की साहेबाने गोळी घातली. काही जण म्हणतात, त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं. ही दंतकथा आहे, तिला कागद नाही. पण मला ती खोटी वाटत नाही, निदान तिच्या गाभ्यात तरी. नकाशावर नाव अभियंत्याचं येतं आणि वाट आधी मेंढरांची असते, हे जगभरच्या डोंगरांत घडलेलं आहे. देवळापाशी चालक नाणं टाकतात. नाणेघाटाच्या रांजणात पडणारं नाणं राजाचं होतं. हे वाट दाखवणाऱ्याचं.

मोटरसायकल या गोष्टीत फार उशिरा येते. मद्रासमध्ये १९५५ पासून बुलेट जुळवायला लागले, म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ मध्ये जावा बाहेर पडली आणि तिचीच पुढे येझदी झाली, मग राजदूत. तेव्हा बाइकवरून घाट म्हणजे हौस कमी आणि नोकरी जास्त: दुधाचे कॅन, विमा एजंट, तालुक्याचा पशुवैद्य. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, तिथे दहा जणांकडे एकदम गाड्या असणार कुठून? १९८५ मध्ये सीडी-१०० आणि आरएक्स-१०० आल्या आणि कॉलेजातल्या पोरांच्या बुडाखाली गाडी आली. आपण ज्याला ग्रुप राइड म्हणतो ती खऱ्या अर्थाने तिथून पुढची.

त्या पिढीच्या बेतात काही गोष्टी पाठ असायच्या. पेट्रोलमध्ये ऑइलचं प्रमाण. खिशात जादा प्लग, पॉलिश पेपरचा तुकडा, क्लचची वायर. आणि टू-स्ट्रोक गाडी उतारावर इंजिनच्या जोरावर फारशी धरून राहत नाही, हे ज्ञान. सगळा भार ब्रेकवर. ड्रम ब्रेक सलग दाबून धरला की तापतो, तापला की पकड सोडतो, आणि हे नेमकं शेवटच्या दोन-तीन वळणांआधी होतं. म्हणून जुने लोक उतरताना मध्येच कडेला थांबून चहा पितात. त्यांना चहा आवडतो हे खरं, पण ब्रेकलाही आवडतो.

२०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस आहे. उत्तम झालं. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, इतकंच. वळणात जास्त वेगाने शिरलेल्याला तो रस्ता रुंद करून देत नाही. आणि रस्ता रुंद असलेला मार्ग आपल्याला बंद आहे: २००२ मध्ये पूर्ण झालेल्या एक्सप्रेसवेवर दुचाकीला मनाई. म्हणजे मोटारी नव्या रस्त्याने गेल्या आणि बैलांसाठी आखलेला घाट बाइकवाल्यांच्या वाट्याला आला. मला यात तक्रार करण्यासारखं काही दिसत नाही. शिंग्रोबा आपल्याच रस्त्यावर आहे.

आता त्या मुद्द्याकडे येतो ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. घाटात दहा गाड्यांची रांग असली की सगळ्यांना वाटतं, शेवटची गाडी सगळ्यात हळू. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा सगळ्यात वेगात असते. बघा कसं: पहिली गाडी वळणाआधी चाळीसवर येते, वळण संपलं की साठ. ती साठवर गेली तेव्हा दुसरी अजून वळणात चाळीसवर आहे. अंतर पडलं. ते भरून काढायला दुसरीला पासष्टवर जावं लागतं, तिसरीला सत्तरवर. रबर ताणत जातं, आणि त्याचं टोक दहाव्या गाडीच्या हातात असतं. दहावी गाडी कुणाची असते? नवख्याची. ज्याने मागच्या महिन्यात गाडी घेतली, ज्याला 'मी मागून येतो' म्हणायला बरं वाटतं, ज्याला ग्रुपमध्ये आपण ओझं वाटू नये एवढीच इच्छा असते. पुढचे आठ जण नजरेआड झाले की तो जे वळण घेतो ते रस्ता बघून घेत नाही, एकटं पडण्याच्या भीतीने घेतो. सोमवारच्या पेपरात आतल्या पानावर येणाऱ्या चार ओळींच्या बातमीत 'मित्रांसोबत फिरायला गेलेला' असे शब्द असतात. वय बहुतेक वीस ते पंचवीस.

मी काही वर्षं आमच्या ग्रुपमध्ये मागे चालवतो. मागून जे दिसतं ते पुढून दिसत नाही. एखाद्याचा ब्रेकलाइट वळणाच्या आधी लागण्याऐवजी वळणाच्या पोटात लागायला लागला की समजायचं, हा आता स्वतःच्या वेगाने चालवत नाही.

लमाणांना हे बैलांबद्दल माहीत होतं. उपायही तेच आहेत. सगळ्यात हळू किंवा नवी गाडी पुढून दुसरी. वेग तिचा, मोठ्या सीसीवाल्याचा नाही. सगळ्यात सराईत माणूस सगळ्यात शेवटी, त्याच्याकडे पंक्चरचं किट आणि औषधं. सरळ रस्त्यावर तिरक्या दोन रांगा ठीक, घाटात एकच रांग. फाटा आला की दुसऱ्या नंबरवाल्याने तिथे थांबायचं, शेवटचा दिसला की मगच निघायचं. म्हणजे कुणालाही पुढच्याला 'पकडायची' गरज उरत नाही. पेट्रोलचा थांबा सगळ्यात छोट्या टाकीप्रमाणे. ज्या गिअरमध्ये चढाल साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. अरुंद जागी वर चढणाऱ्याला आधी जाऊ द्या. हा कायद्याचाही नियम आहे, आणि त्यामागचं कारण बैलगाडीइतकं जुनं: चढावर थांबलेलं ओझं पुन्हा हलवणं अवघड असतं. फोटोसाठी घाटात नाही, माथ्यावर थांबायचं; पाण्याची टाकी तिथेच खोदली होती. पावसाळ्याचा बेत असेल तर निघण्याआधी घाट उघडा आहे का ते बघा. वरंध घाटासारखे रस्ते बंद ठेवण्याचे आदेश दरवर्षी निघतात, आणि बॅरिकेडच्या कडेने बाइक जाऊ शकते याचा अर्थ पलीकडे रस्ता आहे असा होत नाही.

आमच्या डिसेंबरच्या बेतात दोन बदल झालेत. निघायची वेळ सहाऐवजी पाच लिहिली, म्हणजे सहाला निघू. आणि अंधार सहानंतर लगेच पडतो, म्हणून खोपोली साडेचारच्या आत. उशीर झाला तर बोरघाट चढायचा नाही, कर्जतला राहायचं. यावर थोडी कुरकुर झाली. कुणाला सोमवारी ऑफिस आहे, कुणाच्या घरी सांगायचं काय. शेवटी सगळ्यांनी मान्य केलं. शिंग्रोबापाशी दहा मिनिटं धरली आहेत आणि सुटे पैसे आणायचं काम एकाला दिलं आहे, कारण आता खिशात नाणी कुणाच्याच नसतात. सगळ्यात मागे कोण, हे पहिल्याच दिवशी ठरलं. सगळ्यात पुढे कोण, यावर अजून पोल चालू आहे.